विहिरीत चूर्ण टाकले, पुढे काय?

दाभोसा येथील धबधबा पाहावयास पावसाळ्यात शहरांतून माणसे लोटतात. परंतु त्याच पावसाचे पहिले पाणी जव्हार-मोखाड्यातील पाड्यांच्या उघड्या विहिरींत उतारावरची घाण घेऊन उतरते, याची चर्चा होते ती हगवणीची साथ आल्यावर. मग ब्लीचिंग पावडरची पिशवी विहिरीत रिकामी होते आणि नोंदवहीत कर्तव्यपूर्ती झालेली असते!

वस्तुतः हजार लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम चूर्ण लागते. त्यासाठी विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मोजली पाहिजे. चूर्ण बादलीत कालवून वरची निवळ तेवढी विहिरीत सोडावयाची, अर्धा तास पाणी उपसू द्यावयाचे नाही आणि नंतर ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग येतो की नाही, ते पाहावयाचे. दमट हवेत उघडे पडलेले चूर्ण तर निःसत्त्वच होते. ते कितीही ओता.

2019 पासून जलजीवन मिशनने घरोघरी नळाचे आश्वासन दिले आहे. नळाचा उगम विहीरच असेल, तर तीच घाण घरात पोहोचेल. म्हणून जिल्हा परिषदेने मेअखेर प्रत्येक विहिरीचा कठडा, भोवतीची फरशी व सांडपाण्याचा चर दुरुस्त करवावा आणि पाणीतपासणीचा निकाल विहिरीपाशीच फलकावर लावावा.