धिंगरी ही वनस्पती नव्हे

पावसाळ्यात डिचोली-पेडण्याच्या रस्त्याकडेला रोयणीवरच्या अळमीचे वाटे पानावर मांडलेले दिसतात. भाव ऐकून हात आखडतो, तरी दुपारपर्यंत वाटा शिल्लक राहत नाही. ही अळमी माणूस पिकवीत नाही, वाळवी पिकविते. कळ्या उमलण्यापूर्वीच उपटल्या की बीजाणू मातीत पडावयाचे कधी? हावरेपणाने खुडत गेलो तर एक दिवस रोयण राहील, अळमी राहणार नाही.

म्हणून धिंगरीचा विचार व्हावा असे मला वाटते. तिला वाळवी लागत नाही. भाताचा पेंढा पुरतो. पेंढा बारीक कापावा, रात्रभर भिजवावा, गरम पाण्यातून काढून निथळावा, आणि पिशवीत थरांमध्ये बीज पेरावे. अंधाऱ्या खोलीत दोन-तीन आठवड्यांत पांढरे जाळे पसरते. मग पिशवी फाडून पाणी शिंपडत राहिले की महिन्याभरात पहिला तोडा मिळतो. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत हे शिकविलेही जाते. पेडण्यात बोंडे मळून उरणारा चोथा पेंढ्यात मिसळून पाहण्यास काय हरकत आहे?

इथवर कुणाचा विरोध नसावा. माझी तक्रार पुढची आहे. प्रयोगशाळेत धिंगरीचा अर्क काढतात, दोन रसायने घालतात, रंग बदलला की 'वनस्पतिजन्य औषधी द्रव्ये सापडली' असे लिहून मोकळे होतात. पण धिंगरी वनस्पती कुठे आहे? तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असते, जे आपल्या कुर्ल्यांच्या कवचातही असते. २०१६ साली स्पेनमधील संशोधकांनी तर अळंबीत फ्लेवोनॉइड नसतातच, रंगाची चाचणी फसवी आहे, असे मांडले. उलट भाताच्या पेंढ्यात फेरुलिक आम्ल आहे, ट्रायसिन हे फ्लेवोनॉइडही आहे. मग नळीत दिसलेला रंग धिंगरीचा की पेंढ्याचा?

याचा अर्थ धिंगरी निःसत्त्व आहे असा नव्हे. अर्गोथायोनीन हे प्रतिऑक्सिडीकारक तिच्यात भरपूर असते, आणि ते आपले शरीर स्वतः बनवू शकत नाही. बीटा-ग्लुकान आहे. अर्गोस्टेरॉल आहे, कापे उन्हात ठेवली तर त्याचे ड जीवनसत्त्व बनते. एवढे असताना पाकिटावर 'मधुमेहावर गुणकारी' असे छापण्याचा मोह कशाला? उद्या एखाद्या म्हातारीने त्या भरवशावर गोळ्या बंद केल्या तर जबाबदार कोण? धिंगरी भाजी म्हणून विकावी, चांगली विकली जाईल. (सुके खोबरे घालून केलेली शाकुती खाऊन पाहावी!)

आपल्या विज्ञान शाखेतील मित्रांना एकच सुचवितो. यंदा प्रकल्प घ्याल तेव्हा परीक्षानळ्या चार मांडा: पेंढ्यावरची धिंगरी, चोथ्यावरची धिंगरी, नुसता भिजविलेला पेंढा आणि नुसता चोथा. शेवटच्या दोन नळ्यांतही रंग आला, तर तोही वहीत लिहा.