ताका मार्क मेळटात?

ज्या मुलाला डॉक्टर व्हायचंय त्यानं अकरावी-बारावीत असताना आठवड्याचे दोन तास आजारी माणसांसाठी द्यावेत, असं मी हल्ली कुठंही बोललो की पालकांतून एक प्रश्न हमखास येतो : ‘ताका मार्क मेळटात?’

नाही मिळत. नीटचे ७२० गुण आहेत. त्यांतले निम्मे जीवशास्त्राला आणि बाकीचे भौतिकी व रसायनशास्त्राला. आजाऱ्याजवळ बसण्याला शून्य! २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली. बाबा रे, तू कधी म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवलंयस का, असं त्यांतल्या एकालाही परीक्षेनं विचारलं नाही. १८४२ साली पणजीत एस्कोला मेदिका सुरू झाल्यापासून गोव्यातल्या प्रत्येक घराला एक दोतोर हवाच आहे. त्या दोतोराला रोगी हवाय की नाही, याची चौकशी मात्र कुणी करत नाही.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू बघा. अमेरिकेत मार्क मिळतात. म्हणजे अगदी मार्क नव्हेत, पण तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जात तुम्ही केलेल्या पंधरा कामांची नोंद करता येते, आणि त्यांतली तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडून त्यांवर जास्त लिहायचं असतं. मूळ कल्पना चांगलीच होती. तिचं काय झालं ते डिसेंबरात गोव्यात दिसतं. आपल्याच गणगोतातली मुलं येतात. आठ दिवस बीच, चार दिवस लग्नं आणि मध्ये पाच दिवस एखाद्या बालगृहात ‘सेवा’. पोरांना दोन इंग्रजी गाणी शिकवायची, खाऊ वाटायचा, पोर कडेवर घेऊन फोटो काढायचा, किती तास झाले ते वहीत मांडायचं. माझ्या नात्यातल्या एका मुलाला मी विचारलं, त्या पोरांतल्या एकाचं तरी नाव आठवतंय का रे? तो हसला. मुलगा वाईट नाही, हुशार आहे. अर्जातला रकाना भरायचा होता, तो त्यानं भरला. याहून गंभीर प्रकारही घडतात. गरीब देशांत जाऊन, अजून कॉलेजात पाऊलही न टाकलेली मुलं रोग्यांवर हात चालवू लागली. शेवटी २०११ साली अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेला मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, की जे तुम्हाला शिकवलेलं नाही ते परदेशात जाऊन करू नका. हे लिहून सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

म्हणून आमचे काही मित्र जेव्हा म्हणतात, की सरकारनं प्रवेशात समाजसेवेला पाच टक्के ठेवावेत, तेव्हा मी हात जोडतो. नको! दुसऱ्याच आठवड्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसांच्या माळांशेजारी सर्टिफिकिटांच्या माळा लटकू लागतील.

दारातच माणूस पारखण्याचे प्रयोग आपल्याकडे झालेच नाहीत असं नाही. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात, सुशीला नायर यांनी १९६९ साली उभारलेल्या, प्रवेशपरीक्षेला गांधीविचारांचा स्वतंत्र पेपर असायचा. (त्याचीही गाइडं निघालीच म्हणा. आपण कशाचं गाइड काढत नाही?) वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज मुलांना बोलावून घेई, मुलाखती घेई, गटात कशी वागतात ते बघे. नीट आली आणि हे सगळं गेलं. २०१७ साली वेल्लोरनं निषेध म्हणून एमबीबीएसच्या शंभरपैकी एकच जागा भरली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं, की नीट सर्वांना लागू. खासगी कॉलेजांतल्या पैशांच्या बाजाराला त्यानं काही आळा बसला असेल, ते मी नाकारत नाही. पण दारावर कुणी विचारणारा उरला नाही, हेही खरं. आता विचारायचं तर ते घरातच. आणि घरात काय विचारतात, ते वर सांगितलंच आहे.

तर मुलानं कुठलं काम निवडावं?

माझी एकच कसोटी आहे. त्या कामात त्याला डॉक्टर असल्यासारखं वाटता कामा नये. स्टेथोस्कोप गळ्यात घालून ‘आरोग्य शिबिरा’त मिरवणं बाद. रक्तदाब मोजणंही बाद. घराजवळ जागा हवी, म्हणजे पावसात खाडा होणार नाही. आणि वर्षभर तरी जावं, म्हणजे आपण भरवत होतो त्या आजी एक दिवस खाटेवर नसतात, हेही त्याला कळेल. प्रोव्हेदोरियाची वृद्धाश्रमं आहेत, धर्मादाय संस्था आहेत. तिथल्या बाईंना विचारायचं, तुम्हाला हात कशाला कमी पडतात? त्या म्हणतील नखं काप, जेवण भरव, पेपर वाचून दाखव. तेच करायचं.

नाहीतर बांबोळी आहे. पेडण्यापासून काणकोणापर्यंतचे रोगी तिथं येतात. तसेच दोडामार्ग-सावंतवाडीचे आणि कारवारचेही येतात. पहाटेची गाडी पकडून आलेली दोडामार्गची एक बाई डोळ्यांसमोर आणा. हातात प्लास्टिकच्या पिशवीत केसपेपर, सोबत कुणी नाही, पाट्या वाचता येत नाहीत. एक्स-रे कुठं, रक्त कुठं द्यायचं, पुन्हा कुठं यायचं? समाजसेवा विभागाची रीतसर परवानगी घेऊन सतरा वर्षांचा एक पोरगा तिच्याबरोबर नुसता चालला तरी पुरे. पुढच्या तपासणीची तारीख गुरुवारची मिळाली की ती का गप्प होते, हे त्याला कळेल. गुरुवार म्हणजे आणखी एक दिवसाची मजुरी आणि आणखी एकदा जाण्यायेण्याचं भाडं. पुढे हा पोरगा डॉक्टर झाला आणि रोगी ठरल्या दिवशी आला नाही, तर ‘या लोकांना अक्कलच नाही’ म्हणण्याआधी तो क्षणभर थांबेल. कुठल्याही क्लासमध्ये हे शिकवत नाहीत, कोट्यातही नाही.

‘पण न शिकलेला मुलगा तिथं करणार काय?’ असंही विचारतात. केरळात बघा. कोळीकोड-मलप्पुरम भागात असाध्य आजाऱ्यांची काळजी घेण्याचं मोठं काम उभं राहिलं ते शेजारपाजारच्या साध्या माणसांवर. अट काय, तर आठवड्याला निदान दोन तास. शिक्षण किती, तर सोळा तासांचे वर्ग आणि चार दिवस जाणत्याबरोबर प्रत्यक्ष काम. एवढं लांब कशाला, आपल्याच गोव्यात ‘संगाथ’नं आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून नैराश्याच्या रोग्यांशी बोलायला बसवलं. सरकारी केंद्रांतल्या रोग्यांना त्याचा फायदा झाल्याचं २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. डॉक्टर नसलेला माणूस शिकून, नीट ऐकून रोग्याला बरं वाटायला मदत करतो, हे आपल्या गावात सिद्ध झालंय आणि आपणच ते विसरलोय!

पालकांची खरी भीती मला ठाऊक आहे. त्या दोन तासांत चार मार्क गेले, आणि तेवढ्यानंच जागा गेली तर? जाऊ शकते. मी खोटं सांगणार नाही. एकेका प्रश्नावर हजारो मुलं पुढंमागं होतात. या भीतीच्या मागे आणखी एक भीती असते, ती कुणी बोलून दाखवत नाही : तिथला वास, तिथलं कण्हणं बघून मुलगा म्हणाला, ‘मला हे नकोच,’ तर?

तर त्यानं ते सतराव्या वर्षी म्हणावं, अशी माझी इच्छा आहे. तेविसाव्या वर्षी, इंटर्नशिपच्या रात्री, कॅज्युअल्टीत म्हणण्यापेक्षा. तोपर्यंत सरकारी जागा एका नको असलेल्या माणसानं अडवलेली असते, आणि घरच्यांच्या इज्जतीपायी तो ती सोडतही नाही. मग चाळीस वर्षं रोग्यांच्या तोंडाकडे न बघता औषधं लिहीत राहतो. असे डॉक्टर तुम्हीही बघितलेत. त्यांच्याकडून बाहेर पडताना आपण काय बोलतो, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

परीक्षा मेमध्ये संपली की प्रवेशाच्या याद्या लागेपर्यंत दोन-तीन महिने तरी मोकळे असतात. अकरावी-बारावीत नाहीच जमलं, तर निदान ते तरी वापरा. पणजीहून बांबोळीला कदंबाच्या गाड्या आहेत, आणि केसपेपरच्या खिडकीपुढची रांग सकाळीच लागते.