गळा कुणाचा, हक्क कुणाचा?

माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या जात्यावरच्या ओव्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी उभ्या केलेल्या संग्रहाचा तो भाग. तिथे गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे.

एरवी काय दिसतं? कुणीतरी मोबाईल घेऊन येतो, ऊसतोडीहून परतलेल्या बाईला 'मावशी, एक ओवी म्हणा' म्हणतो आणि व्हिडिओ आपल्या चॅनलवर टाकतो. वर शिक्का चॅनलचा, खाली 'सर्व हक्क राखीव'. बाईचं नाव? 'ग्रामीण महिलेचा गोड आवाज'.

विचारलं तर उत्तर तयार असतं: ओवी लोकांची, तिला मालक नसतो.

मान्य. मग 'सर्व हक्क' तुझे कुठून आले, बाबा? शब्द सगळ्यांचे असतील, गळा त्या बाईचा आहे, आणि हे कायद्यालाही कळतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने कलम ३८ आलं आणि सादर करणाऱ्याला स्वतंत्र हक्क मिळाला. त्या व्याख्येत गायक-वादकांसोबत जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. व्याख्यान देणाराही आहे. तेव्हा जलशातल्या तकरिरी परस्पर विकणाऱ्यांनीही हे कलम वाचावं. २०१२च्या दुरुस्तीने तर मुद्रण, प्रती, प्रसारण यांवर फक्त तिचा हक्क मानला, शिवाय 'हे मी गायलं' असं सांगण्याचाही. खासगी वापर, शिकवणं, संशोधन यांना सूट आहे. जाहिरातीचे पैसे त्यात कुठे बसतात?

कायदाही धुतल्या तांदळासारखा नाही. गाणारीचा हक्क ५० वर्षं, ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा ६०. गळ्यापेक्षा यंत्र दहा वर्षं जास्त! आणि उचल घेऊन कारखान्यावर गेलेली बाई कोर्टात कधी जाणार?

हदीस कुणी कुणाकडून ऐकली, ही नावांची साखळी आपल्याकडे हजार वर्षांहून अधिक काळ जपली गेली. नाव गाळणं निदान आपल्याला तरी किरकोळ वाटू नये. म्हणून चॅनल चालवणाऱ्या आपल्याच पोरांना सांगणं आहे: संमती आधी घ्या, लेखी घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. नाव-गाव व्हिडिओवरच टाका. आणि कमाईतला वाटा किती, ते मोबाईल सुरू करण्याआधी बोला. कोयता ठरवताना मुकादमसुद्धा उचलीचा आकडा आधी सांगतो.