‘पॉश’ आणि ‘माजलेली’



‘पॉश’ या शब्दाची जन्मकथा आपल्या स्नेहभोजनांत कुणीतरी सांगतोच. मुंबईला निघालेले श्रीमंत साहेब ऊन टाळण्यासाठी जाताना जहाजाची डावी बाजू घेत, परतताना उजवी. त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे म्हणजे पॉश! कथा झकास, पण असा शिक्का मारलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही.

इंग्रजीत आढ्यतेखोरांसाठी विशेषणांचा तोटा नाही: टॉफी-नोज्ड, हॉइटी-टॉइटी, ला-डी-डा, स्नूटी. यांतली बरीचशी खालच्याने वरच्याला मारलेली चपराक आहे. म्हणून ती मला आवडतात. पण इंग्रज काही साधुसंत नव्हेत. १९५४ साली ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने उच्चवर्गीयांचे शब्द आणि इतरांचे शब्द वेगळे काढून दाखवले. खानदानी माणूस ‘नॅपकिन’ म्हणतो, वर चढू पाहणारा ‘सर्व्हिएट’. म्हणजे नाजूक शब्द वापरायला गेलात की पकडले गेलात! गरीब गोऱ्या तरुणांना हिणवणारा ‘चॅव’ तर याच शतकात वर्तमानपत्रांनी घरोघर पोचवला.

अमेरिकेतला ‘अपिटी’ पाहा. अर्थ तोच, शिष्ट. पण दक्षिणेतल्या गोऱ्यांनी तो वापरला पायरी न ओळखणाऱ्या काळ्या माणसासाठी. गुन्हा आढ्यतेचा नव्हता, मान वर करण्याचा होता.

आता आपल्याकडे वळू. पुण्यामुंबईला फोन केला की आपण काय ऐकतो आणि कशाला हुंकार देतो? “कामवाली फार शेफारलीय, रविवारची सुट्टी मागते.” “सवलती घेऊन माजलेत.” हे मराठीतले ‘अपिटी’च. इथे वंशभेदाचा वास आपल्याला लांबून येतो. तिकडचा मात्र ‘बोलायची पद्धत’ म्हणून सोडून देतो.

कुणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला? शब्दाशी माझे भांडण नाहीच, त्याच्या दिशेशी आहे. ‘माजलेला पुढारी’ म्हणा, मी टाळी देईन. पण सुट्टी मागणारी बाई ‘माजलेली’ ठरते, तेव्हा त्या विशेषणाचे काम एकच असते: मागणीवर बोलायचे टाळणे. सुट्टी रास्त की नाही, हा प्रश्नच उरत नाही. उरतो फक्त तिचा स्वभाव.

तेव्हा पुढच्या फोनवर हुंकार देऊ नका. एवढेच विचारा, “तिने मागितले काय?”