पैसा आला कोठून?

आमच्या गांवांत एखाद्या कुळवाड्यानें नवी बैलजोडी आणली, कीं चावडीवर पहिला प्रश्न निघतो, "पैसा आणला कोठून?" कांदा विकला कीं बायकोची पुतळी मोडली, हें कळल्याशिवाय कोणास चैन पडत नाहीं. परंतु मुंबईचा एखादा शेट कोट्यवधींचे शेअर घेतो, तेव्हां हाच साधा प्रश्न विचारावयास शिकलेल्या लोकांची जीभ रेटत नाहीं. उलट त्याच्या अकलेचे पोवाडे सुरू होतात!

हर्षद मेहता या दलालाचें असेंच झालें. १९९१ च्या आरंभीं हजाराच्या घरांत असलेला सेन्सेक्स एप्रिल १९९२ मध्यें ४,४०० च्या वर गेला. त्यास 'बिग बुल' म्हणजे मोठा बैल ही पदवी मिळाली. बैल मोठा खरा, पण वैरण कोणाची खात होता?

ती वैरण बँकांची होती. बँकांना सरकारी रोखे बाळगावे लागतात. एकीनें दुसरीकडून रोखे घेतले, कीं मध्यें दलाल असे. रोख्यांऐवजीं 'बँक रिसीट' नांवाची नुसती पावती मिळे. चेक बँकेच्या नांवाचा, पण जमा मात्र दलालाच्या खात्यांत! त्या पैशानें तो शेअर घेई, आणि मुदत भरली कीं तिसऱ्या बँकेचा पैसा आणून पहिलीचें देणें भागवी. कित्येक पावत्यांमागें तर रोखेच नव्हते.

ही गोष्ट मुंबईची, आपणांस काय त्याचें, असें कोणी म्हणूं नये. दलालांसाठीं अशा पोकळ पावत्या देणाऱ्यांत आपल्या सातारा जिल्ह्यांतील बँक ऑफ कराड होती. १९९२ सालींच तिचें दिवाळें वाजलें. ज्या बँकेच्या नांवांत आपलें गांव, तिची पत मुंबईच्या सौद्यांत जळाली.

२३ एप्रिल १९९२ रोजीं सुचेता दलाल या बाईंनीं 'टाइम्स ऑफ इंडिया'त स्टेट बँकेच्या हिशेबांतील सुमारें ५०० कोटींची तूट चव्हाट्यावर मांडली. पुढें रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीनें एकंदर घोटाळा सुमारें ४,००० कोटींचा काढला. तोंवर हिशेबनीस, तपासनीस, साहेब सारे होते. प्रश्न तेवढा कोणी विचारला नव्हता.

आतां आपली गोष्ट पाहा. शेतकरी पीककर्जास गेला, तर सात-बारा आणा, आठ-अ आणा, येणें-बाकी नसल्याचा दाखला आणा, जामीन आणा! एक कागद कमी पडला तर चार हेलपाटे. हा कडकपणा वाईट नाहीं. तो फक्त गरिबासाठीं राखून ठेवला आहे, हें वाईट.

शाळेंत आम्ही पोरांस शिकवतों, कीं जमेची बाजू लिहिल्याविना खर्चाची लिहूं नये. थोरांनीं हा धडा विसरूं नये. बंधुभगिनींनो, तुमच्या पतपेढीची वार्षिक सभा भरते, तेव्हां चहा घेऊन उठूं नका. ताळेबंद मागा. मोठें कर्ज कोणास, कोणत्या तारणावर, आणि जुनें कर्ज नव्या कर्जानें तर फिटलें नाहीं ना, हें उभें राहून विचारा. उत्तर देतांना जो चिडेल, त्याचीच वही आधीं उघडावी.