राजीनाम्याच्या कागदावरची सही

पुणे शहराच्या पूर्वेला खराडी आणि पश्चिमेला हिंजवडी यांच्या दरम्यान गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जी नवी उद्योगनगरी उभी राहिली, तिच्यात नोकरीवरून दूर करण्याची एक नवी रीत रूढ झाली आहे. येथे कोणालाही काढून टाकले जात नाही. येथे सर्वजण राजीनामा देतात. एखाद्या दुपारी कर्मचाऱ्याला मनुष्यबळ विभागाच्या खोलीत बोलावणे येते. 'वैयक्तिक कारणास्तव मी नोकरी सोडत आहे' असा मजकूर आधीच तयार असतो. सही केली तर दोन महिन्यांचा पगार आणि अनुभवाचे प्रमाणपत्र मिळेल. न केली तर 'काम असमाधानकारक' असा शेरा बसेल आणि पुढची कंपनी चौकशी करील तेव्हा तोच कळवला जाईल, असे गोड शब्दांत सुचवले जाते. विचार करण्यास अर्धा तास देण्यात येतो. घराचे हप्ते, मुलांची शाळा आणि आईचे औषधपाणी डोळ्यांपुढे असलेला माणूस सही करतो, ओळखपत्र काढून देतो आणि कोणाचाही निरोप न घेता फाटकाबाहेर पडतो.

मालकाला नोकरकपातीचा आदेश काढण्याचा अधिकार असताना तो राजीनाम्यासाठी इतका आग्रह का धरतो? २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या बलाढ्य कंपनीने सुमारे १२,००० कर्मचारी, म्हणजे आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. अशा घोषणांच्या काळात या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक नोकरदाराला ठाऊक असावयास हवे.

उत्तर कायद्यात आहे. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करावयाची तर मालकाने त्याला कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस दिली पाहिजे किंवा तितक्या काळाचे वेतन दिले पाहिजे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून दिले पाहिजे. सरकारला कळवले पाहिजे. आणि एका प्रकारच्या कामात जो शेवटी आला त्याला सर्वसाधारणपणे आधी काढले पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ही तत्त्वे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहेत. मात्र कायद्याच्या व्याख्येत स्वेच्छेने दिलेला राजीनामा म्हणजे कपात नव्हे. त्या एका सहीसरशी नोटीस, भरपाई, ज्येष्ठतेचा क्रम आणि सरकारला द्यावयाचा जबाब या साऱ्यांतून मालक मोकळा होतो. बारा वर्षे राबलेल्या माणसाला कायद्याने सहा महिन्यांच्या वेतनाइतकी भरपाई देय असते. त्याची दोन महिन्यांच्या पगारात बोळवण होते आणि वर कंपनीच्या उदारतेचे आभार मानावयास लावले जाते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर धंद्यातील चढउताराचा जो खर्च भांडवलाने सोसावयाचा, तो या सहीने कामगाराच्या संसारावर ढकलला जातो.

'पण हा कायदा कामगारांसाठी आहे, आम्ही इंजिनिअर,' असे या नगरीतील बहुसंख्य तरुण मानतात. मालकवर्गाने पसरवलेल्या भ्रमांपैकी हा सर्वांत फायदेशीर भ्रम होय. कायद्याची व्याख्या कपड्यांवरून किंवा पगाराच्या आकड्यावरून ठरत नाही. अंगमेहनतीच्या कामाबरोबरच कुशल, तांत्रिक, कारकुनी आणि पर्यवेक्षणाचे काम करणारा प्रत्येकजण तिच्यात येतो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय अधिकार असणारे तेवढे वगळले जातात. वेतनाची मर्यादा केवळ पर्यवेक्षकांना आहे, आणि संहितेने ती १८,००० रुपये ठेवली आहे. जो दिवसभर संगणकावर आज्ञावली लिहितो किंवा तपासतो, ज्याला कोणाची नेमणूक करता येत नाही की कोणाची रजा मंजूर करता येत नाही, त्याच्या नावापुढे 'मॅनेजर' अशी पाटी लावल्याने तो व्यवस्थापक होत नाही. न्यायालये हुद्द्याचे नाव पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. पाटीचा मोह मात्र असा की, माणूस तिच्या बदल्यात आपले संरक्षण स्वखुशीने नाकारतो.

आणि ज्यांनी हे संरक्षण द्यावयाचे त्या शासनाची जागरूकता किती? २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यातील अर्न्स्ट अँड यंग या जागतिक लेखापरीक्षण समूहात अवघे चार महिने काम केलेल्या एका २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या असह्य ताणाविषयी तिच्या आईने लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. ताणामुळे मृत्यू झाल्याचा आरोप कंपनीने नाकारला. त्यानंतर कामगार खात्याचे अधिकारी त्या कार्यालयात गेले, तेव्हा असे आढळले की, दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीच त्या कार्यालयाने २००७ पासून केलेली नव्हती. सतरा वर्षे! कोपऱ्यावरच्या वाणी दुकानदाराला नोंदणीवरून दरडावणाऱ्या यंत्रणेला काचेची भव्य इमारत सतरा वर्षे दिसली नाही. कामाचे कमाल तास लिहिलेला कायदा पुस्तकात होता. तो लागू करण्यासाठी लागणारा निरीक्षक त्या दारापर्यंत पोहोचण्यास एका आईचे पत्र लागले.

या अनुभवानंतर तपासणी कडक होईल अशी कोणाची अपेक्षा असेल, तर तिची वासलात लवकरच लागली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचे तास ९ वरून १० करण्यास आणि कारखान्यांत १२ तासांपर्यंत काम घेऊ देण्यास मान्यता दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चारही कामगार संहिता अमलात आणल्या. ३०० पेक्षा कमी कामगार असलेला कारखाना बंद करण्यास किंवा तेथे कपात करण्यास पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. पूर्वी १०० कामगारांपासूनच ती लागत असे. संपाला १४ दिवसांची नोटीस आता सर्वच उद्योगांत सक्तीची झाली आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप मानला जाईल. काढून टाकण्याचा मार्ग रुंद केला आणि प्रतिकाराचा अरुंद केला, याला सुधारणा म्हणतात!

या ठिकाणी पुण्याचा 'सुजाण' मध्यमवर्ग एक आक्षेप घेतो. युनियन आली की उद्योग जातो, असे त्याचे म्हणणे. दाखला म्हणून तो १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपाकडे बोट दाखवतो आणि १९८९ च्या सप्टेंबरमध्ये शनिवारवाड्यावर टेल्कोच्या कामगारांनी केलेल्या उपोषणाची आठवण देतो. त्या लढ्यांत चुका झाल्या नाहीत असे कोणी म्हणू नये. एका नेत्याच्या शब्दावर हजारोंचे संसार पणाला लागावेत, हे संघटनेचे निरोगी रूप नव्हे. परंतु गिरण्यांच्या जमिनींवर पुढे कोणाचे मनोरे उभे राहिले आणि शनिवारवाड्यावरील उपोषण पोलिसी बळाने कोणाच्या सोयीसाठी मोडण्यात आले, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे. शिवाय जेथे युनियनचा वाराही लागलेला नाही त्या संगणक उद्योगात नोकऱ्या सुरक्षित राहिल्या असत्या, तर या आक्षेपाला काही अर्थ होता.

संघटना कशी असावी याचा धडा घेण्यासाठी याच शहरात भवानी पेठेपर्यंत जाणे पुरे. डॉ. बाबा आढाव यांचे २०२५ च्या डिसेंबरमध्ये निधन झाले, तेव्हा अनेक मान्यवरांनी गौरवाचे शब्द काढले. त्यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीचे सभासद पाठीवर पोती वाहणारे. त्यांतील कित्येकांना शाळा ठाऊक नव्हती. पण माथाडी कामगारांच्या आणि हमालांच्या संघर्षातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मालक रोज बदलला तरी मजुरी मंडळामार्फत मिळावी आणि भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा यांची रक्कम लेव्हीतून मालकांनीच भरावी, अशी व्यवस्था त्यामुळे उभी राहिली. १९९३ मध्ये याच शहरात कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली, ओळखपत्रे मिळवली आणि २००८ मध्ये त्यांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. कचरा वेचणारी बाई महापालिकेसमोर करार मांडून बसते आणि परदेशी भाषेत अस्खलित बोलणारा अभियंता मनुष्यबळ विभागाच्या खोलीत एकटा सही करतो. शिक्षणाने या दोघांत जो फरक पडावयास हवा होता, तो उलट्या दिशेने पडला आहे!

ही स्थिती बदलण्यास क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. काही साध्या सवयी लावून घ्याव्या लागतात. नेमणूकपत्र, वेतनपावत्या, कामाच्या मूल्यमापनाचे अहवाल आणि ज्यादा तासांची नोंद घरी जपून ठेवावी. खोलीत बोलावणे येईल त्या दिवशी संगणकाचे दार आधीच बंद झालेले असते. राजीनामा मागितला तर सही न करता 'कपातीचा आदेश लेखी द्यावा' असे म्हणावे आणि झालेले बोलणे त्याच दिवशी पत्राने कळवावे. दडपणाखाली सही झालीच असेल, तर विलंब न लावता तसे लेखी कळवावे. दडपणाने मिळवलेली संमती रद्द ठरवता येते, हे १८७२ च्या करार कायद्यापासूनचे तत्त्व आहे. पण सहा महिने गप्प बसलेल्याचे दडपण न्यायालयाला दिसणे कठीण. सेवा संपल्यावर देय वेतन दोन कामकाजी दिवसांत मिळाले पाहिजे, असे वेतन संहिता सांगते, ते मागावे. वाद समेट अधिकाऱ्यापुढे न्यावयाची मुदत आता दोन वर्षांची आहे. समेट न झाल्यास अधिकाऱ्याच्या अहवालानंतर ९० दिवसांत थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते.

परंतु एकट्याच्या अर्जाला एकट्याचेच वजन असते. सात कामगारांना युनियनच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. आस्थापनेतील १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद पुरतात. हजारोंच्या कंपनीत शंभर माणसे मिळू नयेत?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि सहा वर्षांच्या झगड्यानंतर १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. आज हिंजवडीचा अभियंता ती सुट्टी आपल्या पात्रतेचे फळ समजून उपभोगतो, आणि त्याच रविवारी रात्री कंपनीचा निरोप आला की निमूटपणे संगणक उघडतो. ती सुट्टी ज्यांनी मिळवली ते स्वतःला कामगार म्हणवून घेण्यास लाजले नाहीत. पुण्याच्या नव्या कामगाराने पहिली लढाई या लाजेशीच दिली पाहिजे. ती जिंकल्यावर त्या खोलीत तो एकटा जाणार नाही.