अंदाजपंचे टन

दीडशे चौरस फुटांना एक टन. एसीच्या दुकानापासून बिल्डरच्या कार्यालयापर्यंत हा ठोकताळा पाढ्यासारखा घोकला जातो. त्याच्या कैवाऱ्यांचं म्हणणं असं: वर्षातल्या ८,७६० तासांचा शीतनभार तासागणिक काढून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे सल्लागारांना फी वाढवायची सोय. आत घातलेली माहितीच अंदाजाची, तर बाहेर दशांशापर्यंतचं उत्तर कुठून येणार? आणि ठोकताळ्यावर उभ्या राहिलेल्या इमारती गारच आहेत ना!

गार आहेत. पण गरजेपेक्षा दीडपट यंत्र बसवलं तरी इमारत गारच होते. त्यातून हिशोब बरोबर होता एवढं काही ठरत नाही. मुंबईच्या दमट हवेत ठरावीक वेगाचं मोठं यंत्र खोली झटकन थंड करून बंद पडतं, हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग चिकचिक कमी व्हावी म्हणून तापमान आणखी खाली आणायचं आणि बिल भरायचं.

ठोकताळ्याची खरी खोट ही की त्याला वेळ कळत नाही. पूर्वेच्या काचेमागच्या केबिनचा भार सकाळी चढतो, पश्चिमेच्या केबिनचा दुपारी चारनंतर. काचेतून आलेलं ऊन आधी फरशी आणि भिंती तापवतं, त्या ती उष्णता सावकाश हवेला देतात. नऊ इंची विटांच्या भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. प्रत्येक खोलीचा कमाल भार काढून त्यांची बेरीज केली, तर कधीच एकत्र न येणारे क्षण आपण एकत्र आणतो आणि त्या बेरजेएवढा चिलर, म्हणजे इमारतीचं मध्यवर्ती शीतयंत्र, विकत घेतो. चिलरला लागते ती एकाच तासाला सगळ्या खोल्यांची मिळून होणारी कमाल बेरीज. ती काढायची तर तास मोजावेच लागतात. शिवाय नागपूरचा मे कोरडा आणि पंचेचाळीस अंशांचा, मुंबईचा तेहेतीस-चौतीस अंशांचा पण ओलाचिंब. दोन्हीकडे भाजक दीडशेच?

फीचा आरोप तर लंगडाच. एनर्जीप्लस हे असंच तासागणिक भार काढणारं सॉफ्टवेअर अमेरिकेचा ऊर्जा विभाग २००१ पासून फुकट देतो. पैसे पडतात ते चालवणाऱ्या डोक्याचे.

अंदाजी माहितीचा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. हवामानाच्या फाइलमधलं ‘नमुनेदार वर्ष’ वेगवेगळ्या वर्षांतले सर्वसाधारण महिने जोडून बनतं, त्यात उष्णतेची लाट सहसा सापडत नाही. म्हणूनच यंत्राची क्षमता त्यावरून ठरवायची नसते. त्यासाठी वेगळा कडक दिवस धरतात आणि नमुनेदार वर्ष वार्षिक वीजखर्चासाठी राखतात. ही गल्लत करणारे आहेत, आणि ती त्यांची आहे. तसंच वापराच्या वेळापत्रकाचं. त्याच ऊर्जा विभागाने सोळा प्रकारच्या संदर्भ-इमारतींची मॉडेलं तयार केली आहेत; त्यांतलं ऑफिस संध्याकाळी ओस पडतं. हेच वेळापत्रक हिंजवडीच्या रात्रपाळीच्या मजल्यावर जसंच्या तसं चिकटवलं, तर कागदावरचा चिलर नेमका गर्दीच्या वेळी झोपलेला दिसेल.

पण गृहीतकं ठोकताळ्यातही आहेतच. माणसं किती, काच केवढी, दिवे कुठले, हे सगळं त्या दीडशेमध्ये कुणीतरी कधीतरी कोंबून ठेवलंय; ते उघडून तपासता येत नाही. मॉडेलमध्ये शंभराऐवजी एकशेचाळीस माणसं घाला, कोणत्या तासाचा भार किती हलला ते लगेच दिसतं. चुकीची माहितीही तिथे पकडता येते.

एका खोलीच्या दवाखान्याला खुशाल ठोकताळा लावा. चार मजली ऑफिसच्या मालकाने मात्र चिलरची ऑर्डर देण्याआधी सल्लागाराकडे तासागणिक आलेख मागावा, सोबत कोणतं वेळापत्रक आणि कोणता दिवस धरला तेही. ते मिळेपर्यंत फीचा शेवटचा हप्ता अडवून ठेवायला हरकत नाही.